वडसा येईपर्यंत सुई आत

दातांचा कोणताही डॉक्टर पहिल्यांदा म्हणतो, "आ करा." आमचे डॉक्टर म्हणायचे, "तोंड मिटा."

खुर्चीतला माणूस गोंधळायचा. दात दाखवायचा तर तोंड उघडावं लागणार हे लहान लेकरालाही कळतं, आणि हा माणूस मिटा म्हणतो! पण आमच्या भागात तोंडच उघडत नाही अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. कारण खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा. काही वर्षांनी गालाची आतली कातडी वाळलेल्या चामड्यासारखी ताठ होते. जिथे तीन बोटं उभी जायला हवीत तिथे दीड जातं. "कागदावर बंदी, ठेल्यावर चांदी" हा माझ्या एका पत्रकाचा मथळा होता आणि त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही.

अशा माणसाची खालची दाढ काढायची तर बधिर करणारी सुई कुठून द्यायची? डॉक्टरांनी त्यावर उपाय काढला होता. रुग्णाने दातावर दात ठेवून स्वस्थ बसायचं. डॉक्टर बोटाने गाल बाजूला ओढायचे आणि वरच्या दाढांच्या कडेकडेने, गालाच्या आतून, सुई सरळ मागे न्यायचे. ही पद्धत पुस्तकातलीच, असं ते सांगायचे. पण मोठ्या शहरात ती कधीमधी लागते, इथे रोज. पुढे त्यांना तिची इतकी सवय झाली की चांगलं तोंड उघडणाऱ्यालाही सुरुवातीला ते "मिटा" म्हणून जायचे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. तंबाखूविरोधी पत्रकं वाटत तालुका पालथा घालत होतो. गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीच्या अलीकडे, महामार्गावरच्या एका गावात खोली घेतली होती. पत्रक कसं लिहायचं ते मला एका शिबिरात शिकवलं होतं: मथळा मोठा, वाक्य छोटं, राग खरा. तिन्ही गोष्टी मला जमायच्या. थांबणं नावाची चौथी गोष्ट असते, ती त्या शिबिरात नव्हती.

डॉक्टरांचा दवाखाना टायरवाल्याच्या दुकानाला लागून. साठीकडे झुकलेला, बुटका, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारा माणूस. डावी मूठ कायम मिटलेली. बोलताना, हिशेबाची वही चाळताना, दारातलं कुत्रं हाकलताना, सगळं उजव्या हाताने. नव्या माणसांना वाटायचं, डॉक्टरांच्या डाव्या हाताला काहीतरी झालंय. एका म्हाताऱ्याने तर त्यांना नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलायला सांगितलं होतं. खरी गोष्ट एवढीच होती की मुठीत भरलेली सिरिंज असायची, सुई न लावलेली. "थंड औषध आत गेलं का आग करते," ते म्हणायचे. "मानसाच्या अंगात जायचं हाय, त मानसाएवढंच गरम पायजे."

मी पहिल्यांदा गेलो तो पोस्टर घेऊन. सडलेल्या जबड्याचा हातभर मोठा फोटो. डॉक्टरांनी तो उजव्या हाताने धरून नीट पाहिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

"आतून काय लावता?" मी भडकलो. "लोकांना दिसला पाहिजे!"

"येनारा आधीच भेऊन राहिला. त्याले आनखी कायले भेववतेस?"

"भीती वाटली तरच सुटेल ना खर्रा!"

"तुले का वाटते, भेव वाटलं का मानूस का करते?"

"काय करतो?"

"ठेल्यावर जाते. एक पुडी खाते. मंग येते."

मी बाहेर पडलो आणि त्याच दिवशी वहीत लिहिलं: डॉक्टर, खर्रालॉबीशी संगनमत? प्रश्नचिन्ह घातलं, एवढीच माझी सभ्यता.

पण दवाखान्यात माझं जाणं सुरू राहिलं, कारण खर्रा खाणारे एका जागी भेटण्याचं तेच ठिकाण होतं. आणि तिथे पाहण्यासारखंही पुष्कळ होतं. खुर्चीत मागे रेललं की छत दिसायचं, आणि छतावर डॉक्टरांनी पिवळ्या रंगात काळ्या अक्षरांनी स्टेशनं रंगवून घेतली होती. गोंदिया, हिरडामाली, पिंडकेपार, गोंगले, सौंदड, गोंडउमरी, देवलगाव, बाराभाटी, अर्जुनी, वडेगाव, वडसा. मधले काही हॉल्ट त्यांनी गाळले होते. डॉक्टरांचे वडील याच लाइनवर गेटमन होते, त्यामुळे ही नावं त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती.

सुई आत गेली की डॉक्टर आधी दट्ट्या किंचित मागे ओढून पाहायचे, रक्त येतं का. "सिग्नल पाहून राहिलो," म्हणायचे. रक्त नाही, म्हणजे सुई शिरेत नाही. मग गाडी सुटायची. "गोंदियाआआ..." एका स्टेशनाला औषधाचा एक थेंब. हिरडामाली. पुन्हा थोडं. कोणी खुर्चीत चुळबुळ केली तर म्हणायचे, "पॅसेंजर आहे बाबू, सुपरफास्ट नोहे. जोरात ढकललं का आतमंधी फाटते, मंग तीन दिवस जबडा धरून बसशीन." वडसा आलं की सुई बाहेर. भल्याभल्या ट्रकवाल्यांना मी त्या खुर्चीत डोळे छताला लावून, ओठ न हलवता, मनातल्या मनात वडशाची वाट पाहताना पाहिलंय. ज्यांना वाचता येत नव्हतं ते कानांनी प्रवास करायचे.

वरच्या दातांना एवढा खटाटोप नसायचा, खालच्यालाच का, असं मी एकदा विचारलं. माझा रोख अर्थातच आरोपाचा होता. डॉक्टर खूश झाले. विचारणारा भेटला की ते खूशच व्हायचे.

"वरचा जबडा म्हंजे भुसभुशीत माती. दाताजवळ औषध टाक, आपोआप झिरपते. खालचा म्हंजे मुरूम. वरून किती पानी टाक, आत जातच नाही. मंग का करायचं? मेन कालव्यावर जायचं आन गेटच पाडायचं. ते गेट पार मागे हाय, जबड्याच्या कोपऱ्यात, जिथं नस हाडात शिरते. गेट बरोबर पडलं का शेवटच्या बांधीपर्यंत पानी बंद."

"आणि शेवटची बांधी कुठली?"

"ओठ."

धानाच्या शेतकऱ्याला याहून सोपं काय सांगणार? कालव्याच्या टोकाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी पोचत नाही, हे दुःख इथे ज्याला त्याला ठाऊक आहे. म्हणून सुई दिल्यावर डॉक्टर दाताला हात लावत नसत. आधी ओठाला विचारायचं.

विचारायला बाहेर बाकडं होतं, टायरवाल्याच्या सावलीत. सुई घेतलेला माणूस तिथे दहा-पंधरा मिनिटं बसायचा आणि डॉक्टर मधूनमधून दारात येऊन हाक मारायचे, "ओठ कोनाचा?" माणूस ओठ चिमटून पाहायचा. "माजाच हाय" म्हटलं की डॉक्टर आत. "दुसऱ्याचा झाला जी" म्हटलं की माणूस आत. कधी अर्ध्या तासानेही ओठ स्वतःचाच राहायचा. मग डॉक्टर सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचे, "माजी गाडी चुकीच्या लाइनवर गेली. डबल सोडतो." चूक झाली असं स्वतःच्या तोंडाने सांगणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर चूक झाली असं सांगणारा कार्यकर्ताही पाहिला नव्हता.

बाकड्यावर एका वेळी चार-पाच अर्धी बधिर माणसं असायची. लाळ पुसत, एका गालाने बोलत, भावांवर आणि सुनांवर न्यायनिवाडे चालायचे. शेजारच्या चहावाल्याला डॉक्टरांची सक्त ताकीद होती की बाकड्यावरच्या कोणालाही चहा द्यायचा नाही, तोंड पोळलं तरी कळणार नाही. चहावाला ती इतकी पाळायचा की मी पत्रकं वाटत सहज तिथे टेकलो तर मलाही चहा द्यायचा नाही. "पयले ओठ चिमटून दाखव," म्हणायचा.

आता ती गोष्ट.

उन्हाळ्यातली दुपार. गोंदियाच्या एका राईस मिलवर पोती उचलणारा माणूस बायकोला घेऊन आला होता. खालची दाढ, तोंड दोन बोटंच उघडणारं. मी बाहेर पत्रकं लावत होतो. तो सुई घेऊन बाकड्यावर बसला आणि पाच मिनिटांत त्याच्या बायकोने किंकाळी फोडली. नवऱ्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. त्या बाजूचा डोळा मिटत नव्हता. "लकवा मारला व माय! डाक्टरनं लकवा मारला!"

डॉक्टर धावत आले. पाहिलं. त्यांचा चेहरा पडला हे मी पाहिलं, आणि तेवढंच पाहिलं. ते बाईला सांगत होते की सुई जरा जास्त मागे गेली, चेहरा हलवणारी नस बधिर झाली, दोन-तीन तासांत उतरेल, लकवा नाही. त्या माणसाचा डोळा सुकू नये म्हणून त्यांनी त्यावर कापूस ठेवून पट्टी लावली आणि त्याच्या शेजारी बाकड्यावर बसले.

मी बसलो नाही. मी तडक झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मथळा वाटेतच तयार झाला होता: "दात काढायला गेला, लकवा घेऊन आला!" त्या दिवशी नेमका बाजार होता. भाजीवाल्यापासून मासळीवालीपर्यंत प्रत्येकाच्या हातात मी पत्रक दिलं. त्यात "डोळा मिटत नाही" हे मी जाड अक्षरांत घेतलं होतं.

बाजार उठता उठता तो माणूस मला रस्त्यात भेटला. चेहरा सरळ. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होता. "अगा, तू कुठं गेलतास?" तो म्हणाला. "डाक्टरसाहेब पूरे तीन घंटे माज्यापासी बसून होते. दुकानदारी बंद करून! आमी पत्ते खेळलो." बायको म्हणाली, "हारले डाक्टर." आणि दोघं हसत बसस्टॉपकडे गेली.

माझ्या हातात अजून वीसेक पत्रकं होती. ती मी झोळीत टाकली. पण वाटलेली परत कशी आणणार?

दुसऱ्या दिवसापासून बाकडं रिकामं झालं. वरच्या दातांची माणसं यायची, खालच्यांची येईनात. दुखणं सोसायची, नाहीतर बाजारात पकडीने दात उपटून देणाऱ्याकडे जायची. डॉक्टरांनी माझं पत्रक दवाखान्यात लावलं होतं. कपाटाच्या आत नाही, चांगलं दर्शनी भागात.

मी दुरुस्तीचं पत्रक लिहून घेऊन गेलो. त्यात डॉक्टरांना "देवमाणूस" म्हटलं होतं आणि "अफवा पसरवणाऱ्या समाजकंटकांचा" कडक निषेध केला होता. डॉक्टरांनी पेन घेतलं.

"देव कायले? काट. समाजकंटक कोन?"

मी झोळीचा पट्टा सारखा केला.

"काट. आन हे नाही लिवलं? सुई मागे गेली, डाक्टरची चूक होती. लिव."

"तुमची चूक तुम्हीच छापायला सांगता?"

"मंग का तू एकेकाच्या घरी जाऊन सांगशीन?" ते म्हणाले. "चूक लिव, तीन घंट्यात उतरली ते लिव, डोयावर पट्टी काऊन लावली ते लिव. बाकी सारा मसाला काढ."

मसाला काढल्यावर पाच ओळी उरल्या. ते माझं सगळ्यात पडेल पत्रक. कोणी वाचलं नाही. वाचलं त्यांनी विश्वास ठेवला नाही.

विश्वास न ठेवणाऱ्यांत पहिला नंबर माझ्या घरमालकीणबाईंचा. मी त्यांना काकू म्हणायचो. पन्नाशीच्या, विधवा, दोन बांध्यांच्या मालकीण आणि माझ्या सगळ्यात निष्ठावान वाचक. आपला किरायेदार छापून येतो याचा त्यांना केवढा अभिमान! माझं प्रत्येक पत्रक त्या भाताच्या खळीने चुलीमागच्या भिंतीला चिकटवायच्या आणि आल्यागेल्याला वाचून दाखवायच्या. लकव्याचं पत्रक मधोमध होतं.

रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत काकूंच्या खालच्या दाढेने उचल खाल्ली. पहिल्या दिवशी गाल सुजला. दुसऱ्या दिवशी तोंड उघडेना, पेजही गिळेना. तिसऱ्या दिवशी ताप आणि सूज जबड्याखाली उतरू लागली. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. बोलता बोलता त्यांची मूठ उघडली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "गळ्याकडे सरकून राहिली का? मंग आजच आन. उद्यापर्यंत थांबली त गोंदियाले मोठ्या दवाखान्यात न्या लागन, आन तिथंही मंग कठीन हाय."

मी घरी पळालो. काकू दातावर दात धरून बोलत होत्या.

"मी नाही जात. लकवा होते."

"काकू, ते तसं नव्हतं. मी दुसरं पत्रक काढलं ना!"

"ते मी वाचलं. ते तू नाही लिवलंस."

"मीच लिहिलं!"

"खोटं नोको बोलू. पाच लाइनी, ना राग ना मथळा. त्या डाक्टरनं दबाव टाकून लिवून घेतलं तुज्याकडून. मोठे लोक दबाव टाकतेत, तूच सांगतेस ना?"

होय, मीच सांगत होतो. जेवायला बसलो की रोज सांगत होतो. माझ्याच शिकवणीने माझी वाट अडवली होती. मी हात जोडले, ओरडलो, शेवटी भिंतीवरचं पत्रक फाडायला गेलो तर त्यांनी मनगट धरलं. तापाने हात भाजत होता.

"असं कर," त्या म्हणाल्या. "तुजी खालची दाढ किडली हाय ना? राती कण्हतेस, मले आयकू येते. पयले तू घे सुई. माज्यासमोर."

इथे मला एक कबुली द्यायची आहे, जी मी कोणत्याही पत्रकात दिलेली नाही. माझी दाढ दोन वर्षांपासून किडलेली होती, आणि एवढे दिवस त्या दवाखान्यात उठबस करूनही मी ती डॉक्टरांना दाखवली नव्हती. मला सुईची भीती वाटायची. डॉक्टरांवरच्या माझ्या रागात या भीतीचा किती वाटा होता, हे मी मोजलेलं नाही.

अर्ध्या तासात मी खुर्चीत होतो. काकू पदर गालाला लावून माझ्या पायाशी उभ्या.

"तोंड मिटा," डॉक्टर म्हणाले. मग स्वतःच हसले. "नाही, तुजं त लय उघडते. आ कर."

गाडी सुटली. टोचलं ते गोंदियाला. हिरडामालीला माझी बोटं खुर्चीच्या दांडीत रुतली. पिंडकेपारला डॉक्टर म्हणाले, "श्वास घे, पत्रकवाले." गोंगलेला मी घेतला. सौंदडला लक्षात आलं की आता दुखत नाहीये, मी नुसताच घाबरून राहिलोय. तिथून वडशापर्यंत प्रवास बरा झाला.

बाकड्यावर खरी परीक्षा झाली. डॉक्टरांनी विचारायच्या आधी काकूंनी माझा ओठ चिमटला, नखाने.

"लागलं?"

"नाही."

"डोया मिट. उघड. आता त्याच बाजूचा मिट. हास. जोरानं हास ना! गाल फुगव."

महामार्गावरून ट्रक जात होते, टायरवाला काम टाकून पाहत होता, आणि मी, व्यवस्थेला जाब विचारणारा माणूस, एका बाईसमोर डोळे मारत बसलो होतो. पत्रकात जे जे जाड अक्षरांत लिहिलं होतं ते ते काकूंनी माझ्या तोंडावर तपासून घेतलं. मग चहावाल्याला हाक मारली, "याले चाय नोको देजो," आणि उठून आत गेल्या.

मीही मागोमाग गेलो. खुर्चीत बसल्यावर मात्र त्यांनी शेवटचा अडसर घातला.

"तोंडच उघडत नाही त सुई कुठून टाकतेस?"

"उघडा म्हटलंच कोनं, बाई?" डॉक्टर म्हणाले. "मिटा."

काकूंनी मिटलं. डॉक्टरांनी गाल बाजूला घेतला, या वेळी नेहमीपेक्षाही हळू, आणि दट्ट्या मागे ओढून सिग्नल पाहिला. गोंदिया. हिरडामाली. काकूंचे डोळे छतावर एकेका पाटीवरून सरकत होते. सौंदड. गोंडउमरी. देवलगाव. बाराभाटीला त्यांनी एकदम हात वर केला. डॉक्टर थांबले. हात स्थिर, सुई स्थिर, कपाळावर घाम. मला वाटलं, संपलं सगळं. मिनिटभर गाडी तशीच उभी. मग काकूंनी हात खाली घेतला आणि बोटाने खूण केली: चालू द्या. अर्जुनी. वडेगाव. वडसा.

ओठ दुसऱ्याचा झाला, जबडाही जरा सैल पडला, तेव्हा डॉक्टरांनी पू काढला. रोज सकाळ-संध्याकाळ ते घरी येऊन सूज पाहून जायचे आणि चुलीमागच्या भिंतीवरचं माझं साहित्य वाचायचे. सूज गळ्यापर्यंत गेली नाही. चार दिवसांनी दाढ निघाली. माझी त्याच दिवशी निघाली होती. काकूंनी पाच ओळींचं पत्रक खळ लावून लकव्याच्या पत्रकावर बरोबर चिकटवलं, आणि रोवणीच्या बायकांना स्वतः वाचून दाखवलं. पुढच्या बाजारी बाकड्यावर बसायला जागा नव्हती.

आता महामार्ग रुंद झाला, टायरवाला हलला, डॉक्टर लेकीकडे रायपूरला गेले. मी अजून पत्रकं लिहितो. राग आहे तेवढाच आहे. फक्त मजकूर छापायला देण्याआधी चालत स्टेशनापर्यंत जाऊन येतो.

त्या दिवशी पू काढून झाल्यावर आम्ही दोघं बाकड्यावर बसलो होतो. माझा डावा ओठ बधिर, त्यांचा उजवा. मी विचारलं, "काकू, बाराभाटीला काय झालं? दुखलं का?"

त्यांनी पदराने लाळ पुसली.

"नाही गा," त्या अर्ध्या तोंडाने म्हणाल्या. "माहेर हाय ना ते माजं. जरा उतरली होती."